सासूबाई सरपणाला निघाल्या

आमच्या गावात मासे धरायला निघालेला माणूस तसं कधी सांगत नाही. हातात गळ असो, खांद्यावर वल्हं असो, विचारणाऱ्याला उत्तर एकच, सरपणाला चाललोय. माशांना ऐकू जातं, असं इथले कुकामा लोक मानतात. मी शहरातला सुतार, पण बावीस वर्षं मारान्योन नदीच्या काठावर काढल्यावर मीही मानायला लागलोय. तर त्या आठवड्यात माझ्या सासूबाई, डेल्मिरा मान्युयामा, तीन दिवस सरपणाची तयारी करत होत्या, आणि अख्खं गाव त्यांना सरपणाबद्दल सल्ले देत होतं.

सासूबाईंचं वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने डोळे गेले. उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे, एवढंच आता कळतं. त्यांचा मुलगा लिंडेर इक्विटोस शहरात असतो. शनिवारी येऊन आईला कायमचं घेऊन जातो, असा त्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्याशी पैज लावली. वाकड्या तळ्यापर्यंत डोंगी स्वतः हाकायची, एक रात्र तिथे काढायची, गमिताना मासा घेऊन परत यायचं. वाट दुसऱ्याच्या डोळ्यांनी शोधायची नाही. जमलं तर मरेपर्यंत इथेच राहणार. नाही जमलं तर शनिवारच्या लाँचमध्ये मुकाट्याने बसणार.

लिंडेर मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही पुढे बसून नुसतं वल्हवायचं. वाट सांगायची नाही. आणि आल्यावर खरं काय ते मला सांगायचं."

मी हो म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नाही, त्या हरल्या असत्या तर मला चाललं असतं. बाईंची जीभ म्हणजे करवत. पहाटे चारला चुलीशी आदळआपट सुरू, मी केलेल्या प्रत्येक दारावरून हात फिरवून "जावई, हे दार की चाळण?" असं शेजाऱ्यांदेखत विचारणं, आणि खांबांवर उभ्या आमच्या घराखाली जी एकमेव गार जागा, तिथे त्यांची झोपायची झोळी. माझं कामाचं बाकडं बावीस वर्षं उन्हात.

तयारी बघण्यासारखी होती. काठावर पाणी मोजायला एक काठी रोवलेली असते. सासूबाई रोज सकाळी उतरून तिच्यावर बोटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "अजून चार बोटं चढू दे." डोंगी आत जायला रान बुडालेलं हवं, पण इतकंही नको की रात्री झोपायला उंचवटा उरणार नाही. मग सामान. कसावा कंदाचा भाजलेला रवा, कच्ची केळी, कोयता, काड्यापेटी मेणकापडात गुंडाळून, मच्छरदाणी, आणि बादलीभर पाण्यात भिजत घातलेलं रबराच्या झाडाचं बी. प्रत्येक वस्तू त्यांनी डोंगीत स्वतः ठेवली आणि तिची जागा हाताने दोनदा चाचपली. मी गुपचूप मिठाची पिशवी ठेवली होती, मासा खारवायला. ती त्यांनी वासावरून शोधून काठावर फेकली.

"मासा पाण्यात आणि जावई मीठ घेऊन तयार," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी बाळंतविडा शिवून ठेवला होतास का रे?"

माझी बायको नेरिदा हसून हसून वाकली. मी पिशवी उचलून घरात ठेवून आलो.

चौथ्या दिवशी दुपारी निघालो. मी पुढच्या टोकाला, त्या मागे. आमच्याकडे पुढचा फक्त जोर लावतो, डोंगी जाते ती मागच्याच्या मर्जीने. नदी ओलांडून आम्ही बुडालेल्या रानात शिरलो. झाडं कमरेपर्यंत पाण्यात, वर माकडं, खाली सावली. वाट म्हणून काही नसतंच. सासूबाई गालावर ऊन कुठून येतंय ते बघत, पाण्याची ओढ वल्ह्यावर घेत चालल्या होत्या. एकाही झाडाला डोंगी घासली नाही. मला मान वळवून त्यांच्याकडे बघायचा धीर होईना.

तासाभराने पाण्याला दोन फाटे फुटले. डावा तळ्याकडे जातो, उजवा वळसा घालून पुन्हा नदीला मिळतो. फाट्याची खूण म्हणजे एक आडवं पडलेलं कापिरोनाचं झाड, डावीकडे. सासूबाईंनी वल्हं थांबवलं.

"जावई, पडलेलं झाड कुठल्या बाजूला आहे?"

झाड डावीकडे होतं, चार हातांवर. पैज विचारण्यावरच मोडत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आलं ते घराखालच्या सावलीत मांडलेलं माझं बाकडं. मी म्हणालो, "उजवीकडे."

त्यांनी आधी उजवीकडून एक ओंजळ पाणी घेतलं, बोटांमध्ये चोळलं. मग डावीकडून घेतलं आणि तसंच चोळलं. नदीच्या पाण्यात गाळ असतो, तो बोटांना कचकचतो. तळ्याचं पाणी गुळगुळीत लागतं.

"वय झालं तुझं," असं म्हणून त्यांनी डोंगी डावीकडे घातली.

मी नंतर माझ्या बाजूचं पाणी चोळून पाहिलं. मला नुसतं पाणीच लागलं. अंगावर काटा आला. लाजही वाटली, पण खरं सांगतो, आधी काटा आला.

रात्री तळ्याकाठच्या उंचवट्यावर मच्छरदाणी बांधून झोपलो. पहाटे त्यांनी मला हलवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग लांब कुठेतरी रबराचं फळ तडकलं आणि बिया पाण्यात पडल्या, टप, टप, टप. त्यामागोमाग पाण्याखालून कडकन आवाज. गमिताना दातांनी बी फोडत होता. माणसासारखे दात असतात त्याला. त्या आवाजाच्या रोखाने सासूबाईंनी डोंगी नेली, धुक्यातून, पानसुद्धा न हलवता. झाडाखाली थांबून काठीच्या टोकाने पाण्यावर टिचक्या मारल्या, पडणाऱ्या बीसारख्याच, तेवढ्याच अंतराने. मलाच फरक कळेना, तिथे मासा काय करणार. गळाला भिजलेलं बी होतं. दोरी ताणली गेली आणि डोंगी अख्खीच्या अख्खी पुढे ओढली जाऊ लागली.

मासा माझ्या मांडीएवढा होता. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुकामा भाषेत काहीतरी पुटपुटल्या. रानामध्ये तेव्हा उजेड होत होता. इतकी वर्षं ज्या बाईला मी नुसती कटकट समजत होतो, तिच्यासमोर मला मान खाली घालावीशी वाटली, आणि मी घातली. त्यांना दिसणार नव्हतं तरी.

शनिवारी लिंडेर आला. मासा केळीच्या पानात भाजून सगळ्यांसमोर ठेवला होता. त्याने खाल्ला, बोटं पुसली आणि मला विचारलं, "आईने वाट कुणाला विचारली का? खरं सांगायचं ठरलंय."

"एकदा," मी म्हणालो. "फाट्यावर. मला."

"मग पैज हरली," लिंडेर म्हणाला. आवाजात आनंद नव्हता त्याच्या, पण तो उठून आईच्या झोळीची दोरी सोडायला लागला.

"थांब," मी म्हणालो. "मी त्यांना उलटी बाजू सांगितली. मुद्दाम. त्या हरून इथून जाव्यात म्हणून. तरी त्या बरोबर गेल्या."

नेरिदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला घास पानात ठेवला. लिंडेरच्या हातात दोरी तशीच राहिली.

"मला वाट ठाऊक होती," सासूबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं जातेय. मी वाटेसाठी विचारलंच नव्हतं. घरात मी नकोशी झालेय का, असं तोंडावर विचारलं तर कोण खरं बोलतं? फाट्यावर विचारलं, तर कळलं."

लिंडेर माझ्याकडे वळला.

"इक्विटोसला जायचं मी परवाच ठरवलं," त्या म्हणाल्या. "पैज जिंकले, पण नको असलेल्या घरात राहायला मी पैज लावली नव्हती. गाठोडं बांधलंय. फक्त हा खरं बोलेल असं वाटलं नव्हतं मला. म्हणून आता सगळ्यांदेखत विचारते. जावई, जाऊ की राहू?"

"राहा, आई," मी पुटपुटलो.

"मोठ्याने बोल. लिंडेरला कळू दे."

मी मोठ्याने म्हणालो. लिंडेर झोळीची दोरी पुन्हा बांधू लागला.