नागपूर ते बोथ: टेम्पोत मी आणि लाकूड कोरायचं मशीन

नागपूरहून बोथला कसं जायचं, असं कोणी विचारलं की मी आधी सांगते, टेम्पोने जाऊ नका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गेले होते आणि आठवडाभर कंबर धरून बसले होते. पण सोबत मशीन होतं, इलाज नव्हता.

मी ज्या कारखान्यात होते, तिथलं कॉम्प्युटरवर चालणारं, लाकूड कोरायचं जुनं सीएनसी मशीन मालक एखाद्या शाळेला देणार होते. शाळा मी सुचवली. बोथच्या अलीकडच्या एका गावात माझा चुलतभाऊ विलासदादा सुतारकाम शिकवायचा. तो वर्ग बंद करून टायपिंग आणायचं घाटत होतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर मशीन चाललं, तर वर्ग वाचणार होता.

पांढरकवड्यापर्यंत रस्ता बरा होता. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, बोलणं मात्र बरंचसं आपलंच राहतं. आदिलाबादला पोटभर इडली खाऊन घ्या, कारण पुढे इच्चोड्यापर्यंत धड काही मिळत नाही. आम्ही पोचलो तेव्हा दादा शाळेच्या फाटकातच उभा होता. "जय भीम, सुने! आणलं का वो माहं मशीन?" राहायचा खर्च शून्य, वहिनीची ज्वारीची भाकर आणि वर दूध.

संध्याकाळी मशीन जोडलं. पडदा उजळला आणि लगेच विझला. तीनदा तेच.

"व्होल्टेजच नाही, दादा."

"कसं राहीन? एकाच डीपीवर समद्यायच्या विहिरीवरच्या मोटारी चालून राह्यल्या. तू काऊन घाबरतं? मी सांगून येतो."

वायरमनला सांगायला गेला असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी करंट असा आला की मीच थक्क झाले. सागाच्या फळीवर मशीनने कमळ कोरलं. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि वर्ग चालू राहील असं सगळ्यांदेखत सांगितलं. मी तर हवेतच होते.

दुपारी एकटीच शेतांकडे फिरायला गेले. सगळीकडे चिडीचूप. मिरचीच्या वावरात एक बाई खुरपत होत्या.

"मोटार बिघडली का, मावशी?"

"नाई वो बाई. शाळंची मशीन चालाची हाय म्हून मास्तरानं सांगतलं. समद्यायनंच बंद ठेवल्या."

"मग मिरचीला पाणी?"

"आता करंटची पाळी येईन चार दिसानं. तवा देऊ."

झाडं माना टाकून उभी होती. मावशींनी मूठभर मिरच्या तोडून माझ्या ओढणीत टाकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका कमळासाठी मी गावाचं पाणी तोडलं होतं, आणि वर मलाच भेट! मशीन परत न्यायचं, दादाला स्पष्ट सांगायचं, असं ठरवूनच मी स्टँडवर गेले.

बस यायची होती. सोडायला आलेल्या दादानेच रस्त्यापलीकडचं ते मिरचीचं वावर दाखवलं. "त्या वावरात माहा बाप सालदार होता, सालावर राबणारा गडी, सुने. जल्मभर त्या मालकायच्या शब्दावर उठला, बसला. काल मी शब्द टाकला, आन् त्यायनं मोटार बंद केली." त्याचे डोळे भरून आले होते. बस आली, मशीन तिथेच ठेवून मी चढले.

घरी आईने त्या मिरच्यांचा ठेचा केला. सगळ्यांनी वाखाणला. मी भाजीच वाढून घेतली.

वर्षभराने दादाचा फोन आला. मी मशीनचं विचारलं आणि मनात घोकत राहिले, बंद पडलं म्हण, बंद पडलं म्हण.

"एक नंबर चालते!" दादा म्हणाला. "आता तं गावानं शनिवारचा करंट शाळेलेच देऊन टाकला. दर शनिवारी समद्यायच्या मोटारी बंद."

मी "वा" म्हणाले. फोनवर तो मला दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हते, तरी माझी मान खाली गेली.