बाच्या नावाची गोळी

"तोंडाचा कॅन्सर आहे, आणि बराच पुढं गेलाय," नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या बाला तपासून सांगितलं. बा शांत होता. मला मात्र पोशेऱ्याला घरी कशी पोचले तेच आठवत नाही.

ऑपरेशनचा उपयोग नव्हता. आम्हाला पॅलिएटिव्ह केअर विभागात पाठवलं, म्हणजे आजार हटत नाही तेव्हा निदान दुखणं तरी हलकं करायचं. तिथं मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. हे अफूपासून बनणारं औषध. गैरवापर होतो म्हणून नियम कडक. जवळच्या मोखाड्यात मिळत नव्हतं, दर वेळी नाशिकलाच जायचं, रिकाम्या पट्ट्या परत द्यायच्या. इकडे बाला पेजही गिळवत नव्हती. मला त्या नियमांचा भयंकर राग यायचा. पण गोळी लागू पडली आणि बा झोपू लागला.

घोटाळा आमच्याच घरी झाला. शेजारची धर्मीकाकू हात मोडून घरीच कण्हत पडली होती. आमच्या पाड्यावर मीठ, विस्तव, औषध असलं काही एकट्याचं नसतं. बाने आपल्या गोळ्या तिला दिल्या. दुसऱ्या दिवशी काकू हलवून हलवून जागी होईना, श्वासही मंद झाला. जीपमधून मोखाड्याच्या दवाखान्यात नेली म्हणून वाचली.

विभागातल्या समाजसेविका ताई घरी आल्या. पट्टी हरवली म्हणून डॉक्टरांना सांगा, अशी मी गयावया केली. खरं कळलं तर गोळ्या बंद होतील, पोलीसही येतील, ही भीती. बा खाली बघत म्हणाला, "ती रडं. माझेकडं गोळी, अन् मी नुसता बघू काय?"

ताई म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही. पण बांचं औषधही तुटू देणार नाही."

मला पहिलं वाक्यच ऐकू आलं. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्यांनी खरंच सगळं सांगितलं. मग डॉक्टरांपुढे अडून बसल्या. या माणसाने गोळी विकली नाही, आणि त्याला नीट समजावण्यात आपण कमी पडलो, असं म्हणाल्या. शेवटी एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या द्यायचं ठरलं. माझ्या नाशिकच्या खेपा वाढल्या, जीव मेटाकुटीला यायचा, पण बाची गोळी एकदाही चुकली नाही. काकूच्या हाताला प्लास्टर ताईंनीच घालून आणलं. अंगणात सगळा पाडा बसवून, एकाची गोळी दुसऱ्याच्या जिवावर कशी बेतते ते सांगितलं.

भातकापणीनंतर बा गेला, झोपेतच. तुमच्याही घरी हे औषध आलं तर घाबरू नका, पण ते ज्याचं त्यालाच द्या.

उरलेल्या गोळ्या परत द्यायला मी नाशिकला गेले. बाकावर एक बाई कण्हणाऱ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "काही हाय का गो तुझेकडं?" तिने विचारलं. माझा हात पिशवीकडे गेला, अगदी बासारखाच. मग मी उठून ताईंना बोलावून आणलं, आणि त्याच्या नावाची गोळी त्याच्या पोटात जाईपर्यंत त्या बाईजवळ बसून राहिले.