वायरवाली मशीन

"आधी वास बघू द्या, शेट."

मशीन सुरू करायची, बंद करायची आणि जळका वास येतो का बघायला तिच्या मागच्या जाळीला नाक लावून डोळे मिटायचे. सावर्ड्याच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मशीन हुंगून बघणारं हे एकच गिऱ्हाईक. मुंबईच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन गावी आलेले. मी त्यांना काका म्हणायचो.

बसायचे मात्र कधीच नाहीत. स्टूल पुढे केलं तर पायाने बाजूला सारायचे. एक पाय दुकानात, एक पायरीवर, नजर घड्याळावर. "ही घरात एकटी हाय."

काकींचं डावं अंग गेलं होतं. आता पावलं टाकत होत्या, पण काकांचा हात धरून. खोलीपासून न्हाणीपर्यंतच्या बोळात भिंतीला पाईप बसवला, की तो धरून त्या एकट्या जातील, म्हणून ही मशीन हवी होती. "माजा हात किती दिस पुरनार?" काका म्हणायचे.

मग घ्यायची ना एखादी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण बॅटरीवाली दाखवली तर, "ही दोन वर्सांत बसेल. वायरवाली दावा." वायरवाली दाखवली की तिची वायर बोटांत वाकवून बघणार, बिट धरणारा चक हलवणार, कार्बन ब्रश काढायला लावणार आणि ते चिपळूणला मिळतील काय, हे तीनदा विचारणार. मग ती दहा मिनिटं मोकळी फिरवून अंगाला हात लावणार, किती तापली बघायला. माझे कान किटायचे. एवढं करून, "येतो परवा," म्हणून तसेच सुटायचे.

दीड महिना हे चाललं. एकदा माझं डोकं फिरलं. "काका, मशीन बघताय की मुलीला स्थळ?"

ते हसले नाहीत. पहिल्यांदाच स्टुलावर टेकले.

"एकदा बसवलाय पाईप," म्हणाले. "शेजाऱ्याची मशीन आणलेली. हिनं धरला नि भिंतीतून सुटून आला. पडली ही. मशीन रद्दी होती म्हणून सांगितलं तिला." हातातली चकची चावी ते उगाच फिरवत राहिले. "मशीन चांगली होती, शेट. मीच हॅमरवर ठेवली. जलम गेला काँक्रीट फोडन्यात. आपल्या घराला चिरा हाय, ध्यानातच नाय आलं."

हॅमरवर ठेवली की मशीन फिरता फिरता ठोकेही देते, आणि जांभ्या चिऱ्याला ते ठोके बसले की तो आतून भुगा होतो, हे आमच्याकडे नवख्या गवंड्यालाही कळतं. पण बिचाऱ्याचं सगळं आयुष्य मुंबईत गेलेलं. दीड महिना ते मशीन पारखत होते, आणि खात्री पटत नव्हती ती स्वतःच्या हाताची. मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

त्याच दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर गेलो. जड, धातूच्या गिअरपेटीची वायरवाली मशीन घेतली. हॅमर बंद ठेवला. भोकं त्यांनीच पाडली, मी नुसता मशीनमागे हात धरून उभा. भोकांत लाकडाच्या गुल्ल्या ठोकल्या, वर स्क्रू. पाईप बसल्यावर काका पाय वर घेऊन त्याला लोंबकळले.

"पुरे. माकड दिसताय," काकी म्हणाल्या.

शिमगा झाला आणि काका झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. थोडा वेळ बसून काकी न्हाणीकडे जायला उठल्या. मी हात पुढे केला. "नको. धरायला हाय," म्हणाल्या, आणि उजव्या हाताने पाईप धरून सावकाश गेल्या. परत येताना तोच उजवा हात समोरच्या भिंतीकडे येणार, जिला आम्ही पाईप बसवलाच नव्हता, हे मला तेव्हा कुठे सुचलं. मी धावलो. तर त्या भिंतीलाही पाईप होता.

"ह्यो त्यांनी एकट्यानं बसवला," काकी म्हणाल्या. "तुमाला बोलवा म्हटलं, तर ऐकलं नाय."

काकी खोलीत गेल्यावर मी तो पाईप दोन्ही हातांनी ओढून बघितला. जराही हलला नाही. मग मात्र मला रडू आवरेना.