टपरी फोडणाऱ्याची भेट

हंगेरीतल्या आमच्या गावात स्टेशनासमोर रोझा बलोग फुलं विकायची. ती रोमा जमातीची, म्हणजे ज्यांना लोक हिणवून जिप्सी म्हणतात त्यांच्यातली. सगळे तिला रोझाकाकू म्हणायचे. गेल्या वसंतात एका टोळक्यानं "जिप्सींनो, चालते व्हा" असं ओरडत तिची टपरी फोडली. सापडला तो एकटा डेनेश, तिचं जुनं गिऱ्हाईक. त्याला कैद झाली.

काकूला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. "बायकोसाठी माझ्याकडून ट्यूलिप न्यायचा हा. याच्या डोक्यात शिरलं तरी काय?" असं ती मला सारखी विचारायची. शेवटी मला सोबत घेऊन ती त्याला भेटायला तुरुंगात गेली.

"मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

"काही नाही, काकू."

"मग आमच्या लोकांवर एवढा राग?"

डेनेश म्हणाला, "बायको सोडून गेल्यापासून माझ्याशी धड कुणी बोलत नव्हतं. त्या पोरांनी मला आपल्यात बसवलं. ती पोरं तुमच्या लोकांना शिव्या द्यायची, मग मीही द्यायला लागलो. माझा आवाज चढला की पोरं खूश व्हायची. एकदा मीच म्हणालो, चला, टपरी फोडू."

"म्हणजे हे तूच काढलंस?"

त्यानं मान डोलावली.

"ती पोरं येतात का भेटायला?"

"कुणीच नाही येत."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "झालं समाधान?"

"छे. तो त्यांच्यात का बसला ते कळलं. पण त्या शिव्या त्याला खऱ्या कधी वाटायला लागल्या, हे विचारायचंच राहिलं," काकू म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत येऊ."