पायी, म्हणजे निरंक

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. तसं असतं तर माझी माय तालुक्यातली सर्वांत विदुषी बाई ठरली असती. ती रोज सात किलोमीटर चालत कापूस वेचायला जाते आणि सात किलोमीटर परत येते.

राळेगावच्या सभागृहात आमच्या सर्वेक्षणाच्या साहेबांनी तिचा फॉर्म माईकवर वाचला. प्रवास सर्वेक्षणाचा. गावातून रोज कोण कुठे जातं, कशानं जातं, हे लिहून आणायचं काम माझं होतं. त्यावरून सकाळची एसटी कोणत्या गावाला द्यायची ते ठरणार होतं. वाहनाच्या रकान्यात आठ पर्याय होते. चालण्याचा नव्हता. मी समासात 'पायी' लिहिलं.

फॉर्म भरताना मायनं हटकलंच होतं. "मले कायले विचारून राह्यली वं? रोज पाह्यते नं तू."

"सरकारनं नाही पाह्यलं."

"मंग त्याले म्हणा, ये पहाटे. चाल संगं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या मातोश्री मॉर्निंग वॉकला जातात वाटतं."

सभागृह हसलं. माझ्यासोबत घरोघर फिरलेली पोरं हसली. मीही हसले. ते हसणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

साहेबांनी लाल पेन काढलं. मायच्या फॉर्मवर लिहिलं: प्रवास निरंक. मग गावातल्या उरलेल्या चाळीस बायांच्या फॉर्मांवरही तेच. मान वर न करता. "वाहन नाही, म्हणजे प्रवास नाही. करा सह्या."

त्यात एक सातव्या महिन्याची पोटुशी होती. तीही निरंक.

मी पेन खाली ठेवलं.

"निरंक तुम्ही लिहिलं. सही तुम्हीच करा."

"उद्यापासून यायचं नाही."

"आज तरी कुठं आले? पायी आले. तुमच्या हिशेबानं मी घरीच आहे."

मी एकेचाळीस फॉर्म उचलले आणि निघाले.

आता गावात बायांनी ठरवलंय. फॉर्म घेऊन जो येईल, त्यानं आधी आमच्यासोबत शेतापर्यंत चालायचं. उत्तरं वाटेत मिळतील. ओट्यावर बसून एकही नाही. आणि निरंक लिहिलेल्या कागदावर आमच्यातल्या एकीचाही अंगठा उठणार नाही.

फॉर्म परत न्यायला साहेब स्वतः येणार होते. आले नाहीत. त्यांना गाडी मिळाली नाही.