शेवटच्या घरापर्यंतचा वेग

परशराम अण्णांच्या खिशात कायम मोजायचा टेप असायचा. शाळेत ते खेळाचे शिक्षक होते, तेव्हा तो शोभायचा. पण निवृत्तीनंतरही तो खिशातून निघाला नाही. साडी घ्यायला शहापुरात गेले तरी दुकानदाराने मोजलेली साडी ते पुन्हा स्वतःच्या टेपने मोजायचे, आणि दुकानदार रागावायच्या ऐवजी त्यांना चहा पाजायचा. मी तसं केलं असतं तर मला पायरी उतरायला सांगितली असती. अण्णांना सगळं खपून जायचं आणि मला तेच खपायचं नाही.

आम्ही एकाच शाळेत नोकरी केली. मी मराठी शिकवलं, त्यांनी कबड्डी आणि लांब उडी. मी शिकवलेलं व्याकरण आज कुणाला आठवत नाही, पण वडगावच्या बाजारात पोरंबाळं झालेले बाप्ये अण्णांच्या पाया पडायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या मला विचारायचे, "सर, तुमीबी आमच्याच शाळेत होता न्हवं?" त्या वेळी मला घाईचं काम आठवायचं.

माझी मुलगी मुग्धा अण्णांच्याच हाताखाली लांब उडीत जिल्ह्यापर्यंत गेली. तिची प्रत्येक उडी ते दोनदा मापायचे. ती "आज लई लांब गेली" म्हणाली की म्हणायचे, "तोंडानं सांगू नगं गं, मापून दाखीव." घरी जेवताना ती हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. माझं एकही वाक्य तिने असं कधी उचललं नाही.

पुढे मुग्धा नोकरीसाठी कॅनडाला गेली. अण्णांचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आमचं अगदी शेवटी, दोन्हीच्या मधे विणकरांच्या मागांचा खडखडाट. चौकात लागलेली एकच जाहिरात बघून आम्ही दोघांनी एकाच कंपनीचं इंटरनेट घेतलं. वेगाचा आकडा हातभर मोठा होता. त्याच्या पुढचा 'पर्यंत' मात्र चष्मा पुसून वाचावा लागला.

मुग्धा तिच्या सकाळी, कामावर जायच्या आधी फोन करायची. ती आमची संध्याकाळ. नेमकी तेव्हाच सगळी गल्ली मोबाइल उघडून बसायची आणि आमच्याकडे पोरीचं तोंड अर्धवट उघडं थिजून राहायचं. सुनंदा, म्हणजे आमची बायको, त्या थिजलेल्या तोंडाशी "ऐकू येतंय का गं" असं बोलत बसायची. पोरगी दिवसातून तेवढीच भेटायची, तीही धड भेटत नव्हती.

गल्लीला जोडणी देणारा कंपनीचा डबा अण्णांच्या भिंतीवर, म्हणून त्यांच्याकडे चित्र जरा बरं यायचं. त्यांनी बोलावलं आणि सुनंदा रोज तिकडे जाऊन बोलायला लागली. परत आली की सांगायची, पोरगी किती स्पष्ट दिसली, कानात नवीन रिंगा घातल्यात. आणि हेही सांगायची, की फोन उचलल्यावर तिचा पहिला प्रश्न असतो, "अण्णा कुठायत?" मी वाचायचं कारण सांगून घरीच बसायचो. पुस्तकाचं पान उलटत नव्हतं, पण स्वतःच्या पोरीला भेटायला अण्णांच्या सोप्यात जाऊन बसणं माझ्याच्याने झालं नाही.

मग मी ईर्ष्येने तक्रार करायला घेतली. कंपनीला फोन लावला की भाषा निवडावी लागते. मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, मराठीचंच बटण दाबणार. तक्रार घेतली जायची, दोन दिवसांनी मिटवली जायची. शेवटी एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, की मराठीतले फोन महाराष्ट्राच्या कार्यालयात जातात आणि तुमच्या भागात आमची सेवाच नाही. आमचा भाग पडला सीमेच्या अलीकडे, कन्नड राज्यात. त्यांनीच घरात बसवलेल्या यंत्राचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर मिचमिचत होता.

सुनंदाने हे अण्णांना सांगितलंच. ते आले, हसले नाहीत. खानापूरकडचे असल्यामुळे त्यांची कन्नडही मराठीइतकीच मोकळी. माझ्यासमोरच त्यांनी कन्नडचं बटण दाबलं. माझा चेहरा बघून म्हणाले, "मास्तर, भाषेचं भांडण लई जुनं हाय, ते कुठं पळून जात न्हाय. आदी पोरगीचं त्वांड दिसूदे."

कंपनीचा माणूस आला. सकाळी आला, अण्णांच्या भिंतीवरच्या डब्याजवळ उभं राहून आपल्या मोबाइलवर वेग बघितला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. अण्णांनी त्याला संध्याकाळी परत बोलावलं आणि थेट आमच्या घरी आणलं. म्हणाले, "पोरगं जितं पडलं तितनं उडी मापायची. उडी घ्यायच्या फळीवर उभारून काय मापतोस रं?" लॅपटॉपला वायर जोडून मोजल्यावर आकडा जाहिरातीच्या आसपासही फिरकला नाही. तो माणूस अवघडून म्हणाला, जाहिरातीत 'पर्यंत' लिहिलंय की.

"व्हय की," अण्णा म्हणाले. "मग एकदा तरी तितपत्तर पोचून दाखीव. जिल्ह्यापत्तर न्हेतो म्हणून पोरगीला गल्लीतच बशीवलायस तू."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी येऊन मोजायचे आणि पडद्याचा फोटो काढून ठेवायचे. आधी कंपनीत तक्रार, मग तिथल्याच वरच्यांकडे अपील, आणि तिथेही टोलवाटोलवी झाल्यावर जिल्हा ग्राहक आयोग. जे सांगून विकलं ते दिलं नाही, एवढाच मुद्दा. अर्ज माझ्या नावाने केला, कारण त्यांच्या मते तक्रार शेवटच्या घराची होती. सुनावणीच्या पहिल्या तारखेच्या आधीच कंपनीची माणसं शिडी घेऊन आली. गल्लीच्या टोकापर्यंत नवी वायर ओढली, आमच्या भिंतीवर वेगळा डबा बसवला. सगळ्या गल्लीचा वेग सुधारला. अर्जावर नाव माझं होतं आणि गल्लीने सत्काराचा नारळ दिला अण्णांना.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मुग्धा आमच्या घरात लख्ख दिसली. म्हणाली, "बाबा, अण्णा कुठायत?" ते दारातच होते. तिला हात केला आणि "बोला तुमी, मी येतो" म्हणून निघून गेले. थांबले असते तर निदान मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावता आले असते, तेही त्यांनी ठेवलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. सकाळी चहा घेताना बसल्या जागी कलंडले. संध्याकाळी मुग्धाला मीच सांगितलं. ती रडायला लागली. चित्र क्षणभरही अडकलं नाही. तिचं नाक लाल झालेलं, डोळ्यांतून गालांवर, गालांवरून हनुवटीवर येणारं पाणी, सगळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे आता थिजावं. माझ्यासाठी ही इतकी रडेल का, असंही वाटलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अण्णांकडे बोलायला यायचाच नाहीत. आई म्हणायची, सगळं बरंय. म्हणून मी अण्णांना विचारायचे, बाबा जेवतात का, गोळ्या घेतात का, फिरायला जातात का. ते रोज बघून येऊन सांगायचे."

म्हणजे माझी खबरसुद्धा तिला त्यांच्याकडूनच जात होती. मला त्यांचा पुन्हा हेवा वाटला. पडद्यावर मुग्धा डोळे पुसत माझ्याकडे बघत होती, आणि मी जेवलो की नाही हे आता मलाच सांगायचं होतं.