चौदा नंबरचं पातेलं
पातेल्याला दूध लागलं की त्या करपट वासाबरोबर मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एकलहऱ्याच्या कॉलनीतली एक दुपार आठवते. दादा भारताच्या सोळा वर्षांखालच्या फुटबॉल संघातून एकदाच परदेशी जाऊन आला होता, तोही राखीव खेळाडू म्हणून. पुन्हा बोलावणं आलं नाही. ते सामने टीव्हीवर दिसले नाहीत, पेपरात फोटो आला नाही. घरी आली ती फक्त चौदा नंबरची निळी जर्सी, आणि तीही दोरीवर वाळताना वीज केंद्राच्या चिमणीची राख बसून बसून पार विटली होती. त्या दुपारी दादा आयटीआयमधून आला, तर दोरीवर जर्सी नव्हती. "जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला दिली," आई म्हणाली. "बघ, केवढं जड पातेलं आलं. तुला होत तरी होती का ती?" "नाही," दादा म्हणाला, आणि सायकल काढून नाशिकरोडच्या बस स्टँडपर्यंत जाऊन आला. बोहारीण सापडली नाही. तो येऊन जेवायला बसला, आणि त्याच्याकडे बघून आईचा घास हातातच राहिला. आमच्या सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी आईने त्या पातेल्यावर दादाचं नाव घालून आणलं, खाली चौदा. आता आई नाही, पातेलं माझ्याकडे आहे. परवा दादाच्या मुलीने ते हातात घेऊन विचारलं, "आत्या, हे चौदा कशाचे?" मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "भांड्याचा नंबर असतो तो."